कॅमेरा कोणाच्या हाती?

ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे त्यांना गावच्या चावडीवरचा रेडिओ नक्की आठवत असेल. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मंडळी रेडिओभोवती जमत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत, आणि मनात जे प्रश्न उठतील ते लिहून केंद्राकडे पाठवत. ह्या प्रयोगाचे मूळ कॅनडात होते. तिकडच्या शेतकऱ्यांसाठी १९४१ पासून अशीच मंडळे चालत. आधी वाचा, मग ऐका, चर्चा करा आणि शेवटी काहीतरी करा, असा त्यांचा क्रम होता. मला ह्यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की ऐकणाऱ्यालाही काही सांगायचे असते ही गोष्ट तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आली.

त्याच कॅनडात पुढे साधन बदलले. रेडिओच्या जोडीला कॅमेरा आला, आणि तो शहरातल्या कलावंताच्या हातातून निघून रानात राहणाऱ्या आदिवासी तरुणांच्या हाती गेला. हे कसे झाले, त्यातून काय निघाले, ह्याविषयी मी आज बोलणार आहे. आणखी एक प्रश्न आहे, तो विशेषतः शिक्षक बंधुभगिनींसाठी. शिकवणाऱ्याने ह्या कामात आपला हात किती घालावा, आणि तो केव्हा काढून घ्यावा? ह्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. ते पुढे सांगेनच.

सुरुवात एका बेटापासून करू. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ फोगो नावाचे बेट आहे. वस्ती तेव्हा सुमारे पाच हजार, सारे मासेमारीवर जगणारे. धंदा बसत चालला होता आणि माणसांनी बेट सोडून दुसरीकडे राहायला जावे अशी सरकारची योजना होती. १९६७ साली तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो हे दिग्दर्शक कॅमेरा घेऊन बेटावर गेले. त्यांनी एक मोठा चित्रपट न करता सत्तावीस लहान लहान चित्रपट केले. कोणात एक कोळी बोलतो आहे, कोणात बायका बोलताहेत, कोणात नुसती सभा आहे. आणि एक नियम त्यांनी पाळला. ज्याचे चित्रण केले त्याला ते आधी दाखवायचे. त्याने ‘एवढे काढा’ म्हटले, की काढायचे. मग एका वाडीचा चित्रपट दुसऱ्या वाडीत दाखवला. ज्यांची एकमेकांशी फारशी बोलचाल नव्हती अशा वाड्यांना कळले, की आपले दुखणे एकच आहे. पुढे ते चित्रपट मंत्र्यांनी पाहिले आणि त्यांचे उत्तरही कॅमेऱ्यावर घेऊन बेटावर दाखवले. कोळ्यांनी सहकारी संस्था काढली, मोठ्या होड्या बांधल्या, आणि बेट उठले नाही. हे सगळे चित्रपटांमुळेच झाले असे मी म्हणणार नाही. परंतु माणसांना आपले तोंड पडद्यावर दिसले आणि आपण बोलतो ते धड बोलतो, हा धीर त्यांना आला.

फोगोची माणसे आदिवासी नव्हती. पण ह्याच मंडळाने दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९६८ मध्ये, मूळ रहिवाशांच्या तरुणांचे एक चित्रपट पथक तयार केले. त्यांतले एक होते माइक मिचेल, मोहॉक जमातीचे. त्यांची वस्ती कॅनडा आणि अमेरिका ह्यांच्या सरहद्दीवर आहे; सरहद्द वस्तीच्या मधून जाते. नदीपलीकडून घरचा किराणा आणला तरी जकात द्या, असे सरकार म्हणू लागले. १७९४ च्या तहाने आम्हाला ह्यातून मोकळीक आहे, असे मोहॉकांचे म्हणणे. डिसेंबर १९६८ मध्ये त्यांनी पुलावर वाट अडवली, आणि मिचेल यांच्या सांगण्यावरून कॅमेरे तेथे पोचले. ‘यू आर ऑन इंडियन लँड’ हा तो चित्रपट, १९६९ चा. त्यावर दिग्दर्शक म्हणून नाव लागले ते दुसऱ्याचे, मिचेल यांना ते श्रेय पुष्कळ वर्षांनी मिळाले. मदत करणारा मनाने चांगला असला, तरी पाटीवर नाव त्याचेच जाते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे.

आता मुख्य कथेकडे येतो.

कॅनडात क्वेबेक नावाचा फ्रेंचभाषी प्रांत आहे. त्याच्या उत्तरेकडच्या जंगलात अतिकमेक नावाचे लोक राहतात. वेमोताची हे त्यांचे एक गाव. मानोन बार्बो नावाच्या चित्रपटकर्त्या बाई त्या गावच्या पंधराएक तरुणांबरोबर बसून एका चित्रपटाची कथा लिहीत होत्या. तरुणांत वापिकोनी आवाशिश नावाची वीस वर्षांची मुलगी सर्वांत पुढे असे. अतिकमेक भाषेत वापिकोनी म्हणजे फूल. २००२ च्या मे महिन्यात जंगलातल्या रस्त्यावर तिची मोटार लाकडांनी भरलेल्या ट्रकवर आदळली आणि ती गेली. त्या प्रदेशात तोडलेले लाकूड त्याच रस्त्याने बाहेर जाते. रस्ताच मुळी लाकडासाठी आहे. ज्या रानाची गोष्ट ती मुले लिहीत होती, ते रानच ट्रकमध्ये भरून चालले होते.

बाईंनी तो चित्रपट बाजूला ठेवला आणि दुसरेच काम उभे केले. २००४ साली, अतिकमेकांच्या आणि इतर जमातींच्या संघटनांना बरोबर घेऊन, ‘वापिकोनी मोबिल’ सुरू झाले. आपण त्याला वापिकोनीचा फिरता स्टुडिओ म्हणू. एक घरासारखी लांब मोटारगाडी घ्यायची. तिच्या निजण्याच्या खोलीत चित्रसंकलनाची यंत्रे. न्हाणीघरात ध्वनिमुद्रण, कारण तेथे बाहेरचा आवाज कमी येतो! आपल्याकडे तंबूतले फिरते सिनेमे जत्रेला येत असत, तशी ही गाडी गावात येते. फरक इतकाच, की तंबूवाला तयार सिनेमा घेऊन येई. ही गाडी रिकामी येते आणि सिनेमा गावातच तयार होतो.

गाडीचा मुक्काम साधारण महिनाभर असतो. बरोबर दोन तरुण चित्रपटकर्ते असतात, ते शिकवणारे. त्यांच्याबरोबर मुलांच्या अडीअडचणी जाणणारा एक समाजसेवक असतो, आणि गावातलाच एक माणूस व्यवस्थेला असतो. हा गावातला माणूस फार कामाचा. कोणत्या घरी दुःख आहे, कोणाच्या आजोबांपाशी गोष्ट आहे, कोणते ठिकाण चित्रित करायचे नाही, हे त्यालाच ठाऊक. फळा नाही, खडू नाही, परीक्षा नाही. मुलगा आला, की त्याला विचारतात, ‘तुला काय सांगायचंय?’ पुष्कळदा तो म्हणतो, ‘काही नाही.’ मग त्याला कॅमेरा देतात आणि फिरून ये म्हणतात. तो आजीला, कुत्र्याला, गोठलेल्या तळ्याला टिपून आणतो. ते सगळे मिळून पाहतात, आणि पाहता पाहता त्याला सांगायचे सुचते. चार-पाच मिनिटांचा, फार तर दहा मिनिटांचा चित्रपट होतो. महिन्याअखेर सारे गाव जमवून तो दाखवतात. पहिला खेळ गावातच! शहरातले, परदेशातले खेळ त्यानंतरचे. आजवर असे हजारावर लघुपट झाले आहेत.

ह्या गावांतील तरुण बोलत का नव्हते, हे समजण्यासाठी एक गोष्ट माहीत असावी लागते. कॅनडात शंभराहून अधिक वर्षे आदिवासी मुलांना घरून नेऊन निवासी शाळांत ठेवत. सुमारे दीड लाख मुले अशी गेली. तेथे आपल्या भाषेत बोलले की शिक्षा. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. केव्हिन पापाती हा किचिसाकिक गावचा तरुण ह्या फिरत्या स्टुडिओत शिकला. त्याचा २००७ चा एक लघुपट एका घरातल्या चार पिढ्या दाखवतो, आणि पिढीगणिक भाषा कशी गळत गेली ते मोजक्या मिनिटांत सांगतो. आता तुम्ही म्हणाल, ह्यात पर्यावरण कुठे आले? पाहा, रानातल्या वाटेला, बर्फाच्या प्रकाराला, माशाच्या विणीच्या जागेला नाव असते ते त्या भाषेत. भाषा गेली, की नातवाला रान नुसते हिरवे दिसते. ह्या किचिसाकिकच्या जवळच धरणे आहेत, पाणी साठवलेले आहे. आणि गावात मात्र बराच काळ ना वीज, ना नळ. आपल्याकडच्या धरणांच्या वरच्या अंगाची गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे मी समजावून सांगायला नको.

आणखी एक लघुपट सांगतो. रियाल ज्युनियर लब्लाँ हा इन्नू जमातीचा तरुण. त्यांच्या भागात रोमेन नदीवर एकापुढे एक चार धरणे बांधण्याचे काम २००९ पासून चालू होते. मार्च २०१२ मध्ये इन्नू लोकांनी १३८ क्रमांकाच्या महामार्गावर ठाण मांडले. बायका पुढे, म्हातारी माणसे पुढे. पोलीस आले. रियाल कॅमेरा घेऊन उभा होता, आणि समोर त्याचीच माणसे होती. त्या दिवसाचे चित्रण आणि वर त्याचा स्वतःचा आवाज, असा तो सहा-सात मिनिटांचा चित्रपट. नाव ‘ब्लोक्युस १३८’, म्हणजे १३८ वरची नाकेबंदी. वर्तमानपत्राचा बातमीदारही तेथे असता तर त्याने रस्ता किती तास बंद होता ते लिहिले असते. ते लिहिणे त्याचे कामच आहे. पण ह्या मुलाला पोलिसापुढे उभी असलेली बाई कोणाची मावशी आहे हे माहीत होते. धरणे झालीच, हेही सांगितले पाहिजे. चित्रपटाने धरण थांबत नाही. पण त्या नदीला कोणी हरकत घेतली नव्हती, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

असो. सारे सुरळीत चालले असे मात्र समजू नका. २०११ साली केंद्र सरकारने त्या संस्थेचा मोठा निधी एकाएकी थांबवला. काही गावांचे मुक्काम रद्द झाले. मुलांच्या दृष्टीने पाहिले तर ह्याइतके वाईट काही नाही. गाडी एकदा येऊन गेली आणि पुन्हा आली नाही, तर जे थोडे बोलू लागले होते ते पुन्हा गप्प होतात. संस्थेने इकडून तिकडून पैसे जमवले आणि काम चालू ठेवले. ज्यांना आपल्या गावी असे काही करायचे असेल त्यांनी दुसऱ्या वर्षाची तरतूद पहिल्या वर्षीच मनात धरावी.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, इग्लूलिक नावाचे इनुइट लोकांचे गाव आहे. ह्या गावाने एक अजब गोष्ट केली. गावात दूरदर्शन आणावे की नाही ह्यावर १९७५ आणि १९७९ असे दोनदा मत घेतले आणि दोन्ही वेळा ‘नको’ म्हटले. कारण त्यात आपल्या भाषेत एक शब्दही नव्हता. त्याच गावचे झकरायस कुनुक दगडातून मूर्ती कोरत. १९८१ मध्ये मूर्ती विकून आलेल्या पैशांतून त्यांनी कॅमेरा आणला. पुढे त्यांचा ‘अतानारजुआत’ हा इनुइट भाषेतला चित्रपट २००१ साली कानच्या महोत्सवात पारितोषिक घेऊन आला. पण मला त्यांचा २०१० चा माहितीपट अधिक मोलाचा वाटतो. इयन मोरो नावाच्या संशोधकाबरोबर त्यांनी निरनिराळ्या गावांतल्या वृद्धांना हवेच्या बदलाविषयी विचारले. वृद्ध सांगू लागले, की बर्फ पातळ झाले, वारे बदलले. आणि एक गोष्ट जो तो सांगे: सूर्य आता पूर्वीच्या जागी मावळत नाही, तारे सरकले आहेत. शास्त्रज्ञ प्रथम हसले. पृथ्वी काही कलंडलेली नाही! मग विचार करता असे दिसले, की थंड हवेवर उबदार हवेचा थर आला म्हणजे प्रकाशाचे किरण वाकतात, आणि क्षितिजाजवळचा सूर्य आपल्याला भलत्या जागी दिसतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो, तो ह्याच जातीचा. म्हणजे म्हाताऱ्यांनी पाहिले ते खरे होते. कारण तेवढे निराळे होते. हे विचारले गेले ते त्यांच्या भाषेत, त्यांच्यातल्याच माणसाने. मध्ये दुभाषा असता, तर हे वाक्य कदाचित त्यानेच गाळले असते.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. झारखंडमध्ये रांचीला ‘अखडा’ नावाची संस्था आहे. तेथे मेघनाथ आणि उरांव जमातीचे बीजू टोप्पो ह्या दोघांनी १९९० च्या दशकापासून मिळून माहितीपट केले. लोखंडाच्या भट्ट्यांचा धूर आणि धूळ शेतावर, विहिरीवर, माणसांच्या छातीत कशी जाते, हे दाखवणारा त्यांचा ‘लोहा गरम है’ हा माहितीपट. त्याला २०१० च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पर्यावरणासाठी पारितोषिक मिळाले. ह्या जोडीतला एकजण बाहेरून आलेला आणि एकजण तिथला. कोणी कोणाला किती शिकवले ह्याचा हिशेब आता लागणार नाही. माझ्या मते जोडी चांगली जमल्याची हीच खूण.

आता माझी गोष्ट. मी शिकवतो त्या महाविद्यालयात डोंगराकडच्या पाड्यांवरची बरीच मुले येतात. बहुतेक कोकणा, काही वारली. काही वर्षांपूर्वी त्यांतल्या एका मुलाने आणि एका मुलीने आपल्या पाड्याच्या झऱ्याविषयी मोबाइलवर चित्रपट करायचे ठरवले. बाराही महिने वाहणारा झरा मार्गशीर्षातच आटू लागला होता आणि बायकांना ओहोळाच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरावा लागे. मी उत्साहाने मदतीला गेलो. मुलांनी चित्रण उत्तम केले. त्यात एक म्हातारी आजी होती, ती झऱ्याकाठी बसून खूप वेळ बोलली होती. तिची बोली शहरातल्या माणसाला कळणार नाही, म्हणून तिचा आवाज मी बारीक करवला आणि वर शुद्ध मराठीत निवेदन लिहून दिले. वाचलेही मीच. त्यात वृक्षतोडीचे दुष्परिणाम सांगितले. राब भाजण्यासाठी लोक फांद्या तोडतात, त्याने डोंगर उघडा पडतो, वगैरे. जिल्ह्याच्या एका स्पर्धेत त्याला प्रशस्तिपत्रकही मिळाले.

मग मुलांनी तो पाड्यावर दाखवला. अंगणवाडीच्या भिंतीला पांढरी चादर लावली होती. आजी पुढेच बसली होती. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, ‘तोंड माझं हालतंय, न् बोलतोय मास्तर!’ सगळे हसले. मीही हसलो. मग तिने विचारले, ‘मी रस्त्याचं सांगितलं, ते कुठं गेलं?’

ते कुठे गेले ते मला ठाऊक होते. तिच्या बोलण्यातला तो भाग मला विषयाला सोडून वाटला होता. ती सांगत होती, की वरून रस्ता काढताना डोंगराची कड तासली, त्याच पावसाळ्यानंतर झऱ्याचे पाणी वाट चुकले. आधी पाणी कमी झाले, मग काठचे उंबर वाळले. झाड गेले म्हणून पाणी गेले, असे मी निवेदनात म्हटले होते. तिने क्रम उलटा सांगितला होता. फांद्या तर तिच्या सासूच्या वेळेपासून छाटत होते आणि त्या पुन्हा फुटत. ती आपल्या वावराच्या बांधावरून गेली साठ वर्षे तो झरा पाहत होती. मी तीन दिवस गेलो होतो. आणि मी तिच्याच पाड्याला, तिचेच तोंड दाखवून, दोष देऊन आलो होतो.

मुलांनी माझ्यावर राग धरला नाही, हा त्यांचा मोठेपणा. मुलगी एवढेच म्हणाली, ‘सर, तुमचा आवाज काढला तर चालेल ना?’ आम्ही निवेदन काढले. चित्रपट सहा मिनिटांनी लांबला, दोन ठिकाणी चित्र हलते, एका ठिकाणी कोंबडा आरवतो म्हणून आजीचे वाक्य ऐकू येत नाही. खाली मराठीत ओळी दिल्या, त्या मुलीनेच लिहिल्या. एका शब्दावर ती आणि मी अर्धा तास अडलो आणि शेवटी तो तिच्या बोलीतच ठेवला. ती नवी प्रत ग्रामसभेत दाखवली. झरा काही परत आला नाही. पण रस्त्याच्या कडेने वाहून जाणारे पाणी अडवून पुन्हा डोंगरात मुरवता येईल का, हा प्रश्न ठरावात लिहिला गेला, आणि झिऱ्यावर पाणी भरण्याच्या पाळ्या ठरल्या. पाळ्या अजून चालू आहेत. ठरावाचे उत्तर यायचे आहे.

तेव्हा गुरुजींनो, आणि बाईंनो, तुमच्या शाळेत एखाद्या मुलाजवळ साधा मोबाइल असला तरी हे काम होते. मोठ्या यंत्रांची वाट पाहू नका. मोबाइल आडवा धरायला आणि वाऱ्याकडे पाठ करून आवाज घ्यायला शिकवा. एवढे तंत्र पहिल्या महिन्याला पुरे. ज्याचे बोलणे घेतले त्याला ते आधी दाखवा, आणि त्याने नको म्हटलेले पुसून टाका, मग ते कितीही चांगले उतरले असो. गावदेवाची जागा, औषधी मुळीची जागा, मधाची कडेकपार, ह्यांचे चित्रण करण्याआधी पाड्यावरच्या जाणत्यांना विचारा. एकदा चित्र बाहेर गेले, की ते मागे घेता येत नाही, आणि मुळी खणायला कोण येईल ह्याचा नेम नसतो. तुमचे मत मुलांना अवश्य सांगा. तुम्ही शिकलेले आहात, ते लपवण्याचे कारण नाही. मी फांद्या तोडण्याविषयी बोललो ते सगळेच खोटे होते असेही नाही. पण ते मत चित्रपटात घालायचे की नाही हे मुलांना ठरवू द्या. पाटीवर नावे त्यांची आणि बोलणाऱ्यांची, आणि तुमचे नाव अगदीच हवे असेल तर शेवटी, बारीक अक्षरात.

आणि एक प्रत गावात ठेवा. मोबाइल हरवतो, मुले शिकायला निघून जातात, प्राध्यापकांच्या बदल्या होतात. आमच्या त्या चित्रपटाची प्रत अंगणवाडीच्या ताईंकडे पत्र्याच्या डब्यात आहे, पोषण आहाराच्या नोंदवहीशेजारी. दर वर्षी पाळ्या ठरवायच्या आदल्या रात्री ती काढतात, आणि कोंबडा आरवला की अंधारात कोणीतरी आजीचे ते न ऐकू येणारे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवते.